जुन्या बीटलच्या इंजिनाला ऑइल फिल्टर बसवता येतो का?

यवतमाळकडच्या कच्च्या रस्त्यांवर आपण १९६७ ची फोक्सवॅगन बीटल चालवता, म्हणून फिल्टर अवश्य बसवावा. मात्र इंजिन पूर्ण उघडण्याची वेळ येईल तेव्हाच. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनात मुळात केवळ तारेची जाळी असते. ती मोठा कचरा अडवते, परंतु बारीक धूळ आणि धातूचा कीस तिच्यातून सहज निघून जातो व बेअरिंग झिजवतो.

पंपातून निघालेले सगळे ऑइल फिल्टरमधून गाळून मगच इंजिनात जावे, यासाठी बाहेर वाट काढलेले पंपाचे झाकण लावतात, जुनी वाट बुजवतात आणि मुख्य ऑइल गॅलरीला (केसिंगमधली, बेअरिंगांकडे ऑइल नेणारी मुख्य वाट) भोक घेऊन आटे पाडतात. केसिंग मऊ मॅग्नेशियम मिश्रधातूचे असल्याने हे काम अनुभवी लेथवाल्याकडूनच करून घ्यावे. त्यानंतर प्रत्येक वाट धुऊन हवेच्या दाबाने साफ करावी, कारण तिथे राहिलेला कीस फिल्टरच्या पुढे असतो आणि थेट बेअरिंगवर जातो. नळ्या जास्त दाब सोसणाऱ्या घ्याव्यात व सायलेन्सरपासून दूर बांधाव्यात.

तोपर्यंत दर ५,००० किलोमीटरला, आणि आपल्याकडच्या धुळीत त्याहूनही लवकर, सुमारे अडीच लिटर ऑइल बदलावे, जाळी डिझेलने धुवावी आणि तिच्या झाकणाचे सहा नट हलक्या हातानेच आवळावेत. धूळ मुख्यतः हवेवाटे आत येते, म्हणून एअर क्लीनरमधले धूळ पकडणारे ऑइलही त्याच वेळी बदलावे.