आई-बाबांना नेपाळमधल्या मुक्तिनाथला न्यायचं आहे. पोखरा–जोमसोम विमान कितपत सुरक्षित आहे, आणि निघण्याआधी धोका कसा ओळखायचा?

बावीस वर्षं मी मुंबईत एका विमान कंपनीच्या डिस्पॅचमध्ये होते. हवामान, इंधन, वजन, विमानातले नोंदलेले बिघाड हे सगळं बघून कॅप्टनसाठी कागद तयार करायचा, हे आमचं काम. आणि २०१९च्या एप्रिलमध्ये सासूबाईंना घेऊन मी स्वतः जोमसोमला जाऊन आले. म्हणून लिहायला बसले.

उगाच धीर देत नाही, हा मार्ग धोक्याचा आहे. जेमतेम वीस मिनिटांचं उड्डाण, पण मे २०१२, फेब्रुवारी २०१६ आणि मे २०२२ अशी तीन विमानं याच वाटेवर पडली. पहिल्यात २१पैकी १५ जण गेले, दुसऱ्यात २३ आणि तिसऱ्यात २२, म्हणजे नंतरच्या दोन्हींत कुणीच वाचलं नाही. एका अंगाला अन्नपूर्णा, दुसऱ्या अंगाला धौलागिरी, दोन्ही आठ हजार मीटरच्या वर, आणि मधल्या काली गंडकीच्या खोऱ्यातून हे छोटं विमान जातं. खिडकीतून डोंगर बघायला मान खाली नाही, वर करावी लागते. पायलट डोळ्यांना दिसतंय त्यावर विमान नेतो. ढगात शिरला की दिसणं संपलं. नेपाळच्या ढगांत दगड असतात, असं पायलट मंडळी म्हणतात ते काही गमतीने नाही. २०१६च्या चौकशी अहवालात हेच आहे: हवा खराब असताना वैमानिक पुन्हा पुन्हा ढगात शिरत राहिले.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो म्हणजे कंपनी कुठली चांगली. त्यात वेळ घालवू नका. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३मध्ये नेपाळच्या यच्चयावत विमान कंपन्यांवर बंदी घातली, ती एखाद्या कंपनीपुरती नव्हती. तिथे विमानतळ चालवणारी आणि विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था एकच आहे, हा त्यातला मोठा आक्षेप. आणि खरं सांगू का, प्रवाशाला तपासता येईल असं फार थोडं असतं. जुलै २०२४मध्ये काठमांडूत टेकऑफ घेतानाच एक विमान कोसळून १८ जण गेले. चौकशीत निघालं की टेकऑफच्या वेगाचा तक्ताच चुकीचा होता. तसले आकडे रोज माझ्या हाताखालून जायचे. काउंटरवर बोर्डिंग पास घेणारा माणूस ते कसे तपासणार?

तुमच्या हातात आहे ती वेळ. त्या खोऱ्यात सकाळ सरत आली की दक्षिणेकडून वारा सुटतो आणि दुपारी तर जोमसोमला चालताना तोल जातो. म्हणून पहाटेचं, शक्यतो पहिलंच विमान घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, मार्च-एप्रिल चालेल, पावसाळ्यात नको. मात्र सकाळची वेळ म्हणजे हमी नव्हे. २०१६चं विमान आठच्या आत उडालं होतं, २०२२चं दहाच्या सुमारास. विमानतळावर पोचलात की काउंटरवर एकच विचारा, ‘आज पहिलं विमान जाऊन परत आलं का?’ आलं असेल तर खोरं निदान त्या वेळी तरी उघडं होतं. मोबाइलवरच्या हवामानापेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

आमच्या वेळी पहिली दोन विमानं गेली, आमचं तिसरं. मग ढग उतरले. साडेनऊच्या सुमारास उड्डाण रद्द झालं आणि दुसऱ्या एका टूरमधले काका काउंटरवरच्या पोरावर तुटून पडले. ‘आमचं परवाचं काठमांडूहून मुंबईचं विमान चुकलं तर पैसे तू भरणार का?’ पोरगा बिचारा बोटाने नुसते डोंगर दाखवत होता. टेबलाच्या त्या बाजूला मी आयुष्य काढलंय. रद्द करा म्हणणाऱ्याला शिव्या मिळतात, जाऊ दे म्हणणाऱ्याला कुणी काही बोलत नाही. असले शंभर काका रोज ओरडत असतील तर ते दडपण कॉकपिटपर्यंत पोचत नसेल असं मला तरी वाटत नाही. तेव्हा टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम आधी बघा. जोमसोमहून परतणं आणि मुंबईचं विमान यांच्यात मोकळा दिवस नसेल तर तो घालायला सांगा, दोन मिळाले तर बरंच. टूरवाला ऐकत नसेल तर टूरवाला बदला.

वजनाचंही लपवू नका. विरळ हवेत किलोकिलोचा हिशोब असतो. परतताना जोमसोमला सासूबाईंची पर्स काट्यावर ठेवली तर सामानाइतकीच जड, आत स्वेटरमध्ये गुंडाळलेले शाळिग्राम! मी डिस्पॅचची बाई आणि माझ्याच घरचं चोरटं वजन.

जीपने जाणं सुरक्षित असं समजू नका. अख्खा दिवस जातो, रस्ता कड्याच्या काठाने आहे आणि पावसात दरडी कोसळतात. हेलिकॉप्टरचं म्हणाल तर खोरं तेच आणि ढगही तेच.

तुमचे आई-बाबा सत्तरीच्या आसपास असतील तर मला विमानापेक्षा उंचीची जास्त काळजी वाटते. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे आणि विमानाने तुम्ही एकदम जोमसोमला, २,७०० मीटरवर उतरता. डॉक्टरांना विचारून जा, जोमसोमला एक रात्र थांबा, मग वर चढा. मुक्तिनाथच्या मंदिरात १०८ धारांखाली आंघोळ करतात, ते पाणी बर्फासारखं असतं. सासूबाईंना मी नुसती बोटं ओली करू दिली, ते त्या अजून ऐकवतात.