देव हरवलेल्यांना शोधत येतो म्हणतात, मग मला ते का जाणवत नाही?

तुम्ही लिहिलंय की मंडळीतल्या काही लोकांच्या वागण्यामुळे चर्च सुटलं, मग हळूहळू प्रार्थनाही सुटली. आता कुणी "देव तुम्हाला शोधतोय" म्हणालं की तुम्हाला दोन प्रश्न पडतात: सर्वज्ञ देवाला शोधावं का लागतं, आणि तो खरंच शोधत असेल तर मला काहीच कसं जाणवत नाही?

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण दुखणं तिथे आहे. बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाचा 15वा अध्याय पाहा. तिथे येशू तीन दृष्टान्त सांगतो. पहिल्या दोनांत शंभरातलं एक मेंढरू हरवतं, दहातलं चांदीचं एक नाणं हरवतं. धनी नव्व्याण्णव मागे ठेवून निघालाय हे त्या मेंढराला ठाऊक नसतं. नाण्याला तर काहीच कळत नाही. ते अंधारात पडून असतं आणि इकडे बाई दिवा लावून सगळं घर झाडून काढत असते. शोध जाणवला तरच तो चालू आहे, असं येशू कुठेही म्हणत नाही. तुम्हाला आत काही हलल्यासारखं वाटत नाही, एवढ्यावरून देवाने तुम्हाला शोधणं थांबवलंय असं मी मुळीच मानणार नाही.

येशू हे दृष्टान्त का सांगतो तेही महत्त्वाचं आहे. जकातदार (रोमी सत्तेसाठी कर गोळा करणारे) आणि पापी म्हणून हिणवलेले लोक त्याचं ऐकायला येत होते, तो त्यांच्या पंक्तीला बसत होता, आणि परूशी व शास्त्री, म्हणजे त्या काळचे यहुदी धर्मपुढारी, कुरकुर करत होते. म्हणजे आधी सुधारा, मग जवळ या, हा त्यांचा क्रम त्याने उलटा केला होता. यरीहोत जक्कयाच्या बाबतीत हेच दिसतं (लूक 19). मुख्य जकातदार, श्रीमंत, गावाला नकोसा. तो उंबराच्या झाडावर चढला होता फक्त बघायला. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि आज मला तुझ्याच घरी उतरायचंय म्हणाला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, ही भाषा जक्कयाच्या तोंडी त्यानंतर आली.

आता मंडळीतल्या लोकांबद्दल. मेंढपाळाचा दृष्टान्त ऐकणाऱ्या शास्त्र्यांना यहेज्केलाचा 34वा अध्याय माहीत होता. बाबेलच्या बंदिवासात असलेल्या लोकांमधला हा संदेष्टा. तिथे देव इस्राएलाच्या मेंढपाळांवर संतापलाय: तुम्ही चरबी खाल्लीत, लोकर पांघरलीत, पण दुबळ्याला बळ दिलं नाहीत, जखमीला पट्टी बांधली नाहीत, हरवलेल्याला शोधलं नाहीत. मग तो म्हणतो, मी स्वतःच माझ्या मेंढरांचा शोध घेईन. पुढे तर धष्टपुष्ट मेंढरांचाही न्याय आहे, जी दुबळ्यांना कुशीने आणि खांद्याने ढकलतात, शिंगं मारतात आणि कळपातून पांगवून लावतात. तुमचा प्रश्न वाचताना मला हाच भाग आठवला. तुम्हाला ज्यांनी बाहेर ढकललं त्यांची बाजू देव घेत नाही. तुम्ही त्यांच्यापासून दूर गेलात, याचा अर्थ तुम्ही देवाला नको झालात असा होत नाही.

सर्वज्ञतेचा प्रश्नही जुना आहे. बायबलमध्ये देव माणसाला विचारतो तो पहिला प्रश्न आहे, "तू कोठे आहेस?" (उत्पत्ती 3). आज्ञा मोडून लपलेला पहिला माणूस आदाम कुठल्या झाडामागे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. लपलेल्याला स्वतःच्या तोंडाने बोलता यावं म्हणून ती हाक आहे. देवाला पत्ता ठाऊक असतो, पण माणसाला ओढून आणायचं त्याच्या मनात नसतं. म्हणून तर लूक 15 मधल्या तिसऱ्या दृष्टान्तात, धाकटा मुलगा घर सोडून जातो तेव्हा, बाप दूरदेशी जाऊन त्याला धरून आणत नाही. तरी तो आत बसून राहिलेला नाही. मुलगा दूर असतानाच त्याला दिसतो, तो धावत जातो, गळ्यात पडतो, आणि मुलाचं पाठ केलेलं वाक्य पुरतं संपायच्या आत झगा मागवतो. आणि हे अनेकदा निसटतं: त्याच दिवशी तो पुन्हा बाहेर जातो, धाकट्याच्या स्वागतावर रुसून घरात न आलेल्या थोरल्या मुलासाठी, आणि त्याची विनवणी करतो. घरात राहून हरवलेलाही तो शोधतो. थोरला आत गेला का, हे येशू सांगत नाही. त्या थोरल्यासारखेच कुरकुरणारे परूशी तिथेच ऐकत होते.

देवाची कृपा माणसाला नाकारता येते का, यावर कॅल्विन आणि वेस्ली या दोन प्रोटेस्टंट धर्मशिक्षकांच्या परंपरांमध्ये मोठा मतभेद आहे. पहिलं पाऊल देवाचं, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. प्रेषित पौल रोमच्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. माझा सगळा विश्वास या "असतानाच" वर उभा आहे.

एका गोष्टीपासून सावध राहा. भटकणाऱ्या कोकराचा पाय मेंढपाळ मुद्दाम मोडतो, असं काही प्रवचनांत सांगतात, आणि मग तुमचं आजारपण किंवा तुमचा तोटा म्हणजे देवाने तुम्हाला परत आणण्यासाठी मारलेली काठी ठरते. बायबलमध्ये ती गोष्ट कुठेही नाही. लूकमधला मेंढपाळ मेंढरू सापडल्यावर आनंदाने खांद्यावर घेतो, एवढंच तिथे आहे. दुःखात असलेल्या माणसाला याउलट सांगणं मला क्रूर वाटतं.

तुम्ही शेवटी विचारलंय, मग मी करू काय? लगेच त्याच मंडळीत परत जा, असं मी सांगणार नाही. स्तोत्र 119 उघडा. सगळ्यांत लांब स्तोत्र, 176 वचनं, जवळजवळ प्रत्येक वचनात देवाच्या नियमशास्त्राची आवड. आणि इतकं सगळं म्हटल्यावर शेवटच्या वचनात तोच माणूस म्हणतो की मी हरवलेल्या मेंढरासारखा भटकलोय, आपल्या दासाचा शोध कर. म्हणजे शोधून काढ अशी विनंतीही प्रार्थनाच आहे, आणि ती भक्कम विश्वास असलेल्यानेही केली आहे. त्याच वचनात पुढे "मी तुझ्या आज्ञा विसरलो नाही" असं आहे. ते तुम्हाला आज म्हणवत नसेल तर तूर्त तेवढं सोडा, आणि फक्त "माझा शोध कर" एवढं म्हणा.