आधी किलोमीटर लिही

रामबाग, इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तू एका हातात मोठ्या एसयूव्हीचे आणि दुसऱ्या हातात इलेक्ट्रिक गाडीचे माहितीपत्रक धरून चहा गार होईपर्यंत बसलास आणि जाताना "काका, काहीच सुचत नाही" एवढेच म्हणालास. तुला गाडी लागणार आहे, हे मला मान्य आहे. लग्नानंतर आईबाबांसह घरात चार माणसे असतील. मी फक्त एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर तुझ्याकडे नव्हते: वर्षाला तुझे किलोमीटर किती?

विक्रेत्याने तुला कराचे गणित दाखवले आणि ते खरेही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के, मोठ्या गाडीला ४० टक्के आणि इलेक्ट्रिकला ५ टक्के जीएसटी आहे. पण २०१२ साली मलाही असेच खरे गणित दाखवले होते. तेव्हा डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे वीस रुपयांहून अधिक स्वस्त होते, म्हणून मी लाखभर रुपये जास्त मोजून डिझेलची मोठी गाडी घेतली, तीही सात वर्षांच्या कर्जावर. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव थोडाथोडा वाढू लागला, ऑक्टोबर २०१४ मध्ये तो नियंत्रणमुक्त झाला आणि ज्या फरकावर माझा सगळा हिशेब उभा होता, तो फरकच आटत गेला. सात वर्षांत गाडी ४१ हजार किलोमीटर चालली. एवढ्याशा चालीवर ते वरचे लाख रुपये व्याजासह वसूल होणे कठीणच होते, भाव तसाच राहिला असता तरीही. आणि हे मला पहिल्या दिवशी कळले असते, जर मी आधी किलोमीटर लिहिले असते.

पैशांचे दुःख मी कधीच विसरलो. मुलीला पुण्याला शिकायला पाठवायची वेळ आली तेव्हा गाडीचे हप्ते चालू होते, म्हणून शिक्षणाचे कर्ज तिच्या नावावर काढावे लागले. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत ती ते फेडत राहिली आणि मला एका शब्दाने बोलली नाही. ते मी विसरलेलो नाही.

आता तुझे बघू, कारण माहितीपत्रकात हे सापडणार नाही. सुदामानगरच्या घरून सुपर कॉरिडॉरला कामावर जाऊन येऊन वीस किलोमीटर धर, वर्षाचे अडीचशे दिवस, म्हणजे पाच हजार. उज्जैन, ओंकारेश्वर, लग्नकार्ये मिळून आणखी तीन हजार. हिशेबाला पेट्रोल १०६ रुपये लिटर आणि घरची वीज ८ रुपये युनिट धर. लिटरला सोळा किलोमीटर देणाऱ्या छोट्या गाडीला वर्षाला ५३ हजारांचे पेट्रोल लागेल, अकरा देणाऱ्या मोठ्या गाडीला ७७ हजारांचे. इलेक्ट्रिक गाडी युनिटला सहा किलोमीटर गेली, तर चार्जिंगमधली घट धरूनही वीज बारा हजारांची होईल. म्हणजे छोट्या गाडीच्या तुलनेत वर्षाला ४१ हजार वाचतील. पण इलेक्ट्रिक गाडी तिच्यापेक्षा चार लाखांनी महाग असेल, तर ते भरून यायला जवळजवळ दहा वर्षे लागतील, आणि बॅटरीची हमी बहुधा आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची असते. तूच जर वर्षाला सोळा हजार चाललास, तर तीच गाडी पाच वर्षांत पैसे फेडेल. गाडी तीच, वीज तीच, फक्त किलोमीटर बदलले. तुमच्या घराला अंगण आहे, स्वतःचे मीटर आहे, ही इलेक्ट्रिकच्या बाजूने खरी भक्कम गोष्ट आहे. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकराची वजावट मात्र कोणी सांगितली तर ऐकू नकोस, ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. सवलती सरकारच्या असतात, किलोमीटर तुझे असतात.

एसयूव्हीबद्दल तू म्हणालास की वर्षातून दोनदा सगळ्यांना घेऊन पुण्याला जायचे असते. अरे, त्या आठ दिवसांसाठी उरलेले तीनशे सत्तावन्न दिवस राजवाड्याच्या गल्ल्यांत एवढे धूड घेऊन जागा शोधत फिरणार आहेस का? त्या दोन खेपांना मोठी गाडी भाड्याने घे. पंधरा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलेस, तर महिन्याला सुमारे २४,१०० रुपयांचा हप्ता बसतो आणि व्याजच सव्वापाच लाखांच्या वर जाते. विम्याच्या हिशेबात मात्र पाचव्या वर्षाअखेर गाडीची किंमत निम्मी झालेली असते. हा आकडा सासरच्या मंडळींसमोर बोलायला संकोच वाटत असेल तर मला बोलाव, मी बोलेन.

२०१९ मध्ये गाडी विकल्यावर आम्ही दुसरी घेतली नाही, म्हणून नातेवाईक मला कंजूष म्हणतात. त्यांना कळत नसले तरी तुला कळावे, म्हणून सांगतो: मी तेव्हापासून रिक्षा, भाड्याची गाडी, रेल्वे, सगळ्यांचे किलोमीटर वहीत लिहीत आलो आहे आणि आमचे वर्षाचे चार हजारही भरत नाहीत. काकूला दवाखान्यात न्यायला रात्री दोन वाजतासुद्धा गाडी मागवली आहे, तिची कधी आबाळ होऊ दिलेली नाही. हट्टी म्हण हवे तर, पण माझा हिशेब चुकलेला नाही.

तुझ्या दुचाकीच्या मीटरवरचा किलोमीटरचा आकडा आजच रात्री टिपून ठेव आणि महिनाभर रोज लिही. कामाचे वेगळे, हौसेचे वेगळे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वही घेऊन ये. तोवर कोणाकडेही बुकिंगचे पैसे भरू नकोस.

तुझा
काका