वाचकांचे प्रश्न : स्मृती शिष्यवृत्तीचा निधी कसा उभारावा?

प्रश्न : आमच्या एका ज्येष्ठ सहकारी पत्रकाराचे गेल्या वर्षी निधन झाले. त्यांच्या नावाने पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यावी, अशी त्यांच्या कुटुंबीयांची आणि आम्हा मित्रांची इच्छा असून देणग्याही जमू लागल्या आहेत. मात्र निधी विद्यापीठाकडे सोपवावा की स्वतंत्र न्यास स्थापन करावा आणि विद्यार्थी कोणत्या निकषांवर निवडावा, यावर आमच्यात एकमत होत नाही. आपण काय सुचवाल?

उत्तर : शिष्यवृत्ती कायमची हवी आहे की काही ठरावीक वर्षांपुरती, हे आपण आधी ठरवावे, कारण बाकीचे बरेच निर्णय त्यावर अवलंबून आहेत. कायमच्या शिष्यवृत्तीत मूळ रकमेला हात लावायचा नसतो. त्यामुळे दरवर्षी निधीच्या साधारण चार टक्केच वाटायचे आणि उरलेले उत्पन्न महागाईशी झुंजण्यासाठी मुद्दलात मिळवायचे, असे धोरण ठेवले तर जेवढी शिष्यवृत्ती द्यायची त्याच्या पंचवीसपट रक्कम हाताशी असावी लागते. एवढी रक्कम जमण्यासारखी नसेल, तर तुटपुंज्या व्याजातून नावापुरता धनादेश देत राहण्यापेक्षा मुद्दलासह सगळा पैसा दहा वर्षांत चांगल्या विद्यार्थ्यांवर खर्च करून निधी रीतसर बंद करणे मला अधिक सन्मानाचे वाटते. हे देणगीदारांना सुरुवातीलाच सांगितले, तर त्यात कमीपणा काही नाही.

विद्यापीठाकडे निधी सोपवल्यास हिशेब, लेखापरीक्षण आणि गुंतवणुकीची कटकट वाचते; मात्र निवडीवरचा आपला हात सुटतो आणि कालांतराने ते नाव माहितीपुस्तिकेतील एक ओळ होऊन बसण्याचा धोका असतो. स्वतंत्र न्यासात नेमके उलटे घडते. पहिली तीन-चार वर्षे उत्साहाची जातात आणि मग बैठकीला कोण येणार, हिशेब कोण लिहिणार, असे प्रश्न उभे राहतात. म्हणून पैसा संस्थेने सांभाळावा आणि निवड मात्र कार्यरत पत्रकारांच्या समितीने करावी, अशी विभागणी करारात लिहून घेणे हा मला व्यवहार्य मार्ग दिसतो. समितीत कुटुंबातील एक व्यक्ती जरूर असावी, पण निर्णायक मत तिच्याकडे नसावे. आपल्या माणसाच्या आठवणीने मन भरून आलेले असताना परक्या मुलांच्या अर्जांत डावे-उजवे करायला लावणे तिच्यावरही अन्यायाचे ठरते.

उद्देशाची भाषा लिहिताना हात थोडा सैल ठेवावा. ‘मिल्वॉकी जर्नल’ या अमेरिकी वृत्तपत्राचे संस्थापक लुशियस नीमन यांच्या पत्नी ॲग्नेस यांनी पतीच्या स्मरणार्थ हार्वर्ड विद्यापीठाला दहा लाखांहून अधिक डॉलर ठेवले. पत्रकारितेचा दर्जा उंचावणे आणि त्यासाठी योग्य व्यक्तींना शिक्षण देणे, एवढाच व्यापक हेतू त्यांनी नमूद केला होता. त्यामुळे पत्रकारितेचे वेगळे विद्यालय न काढता, काम करणाऱ्या पत्रकारांना वर्षभर विद्यापीठात अभ्यास करू देण्याचा मार्ग विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष जेम्स कॉनंट यांना निवडता आला आणि 1938 मध्ये सुरू झालेली ती पाठ्यवृत्ती आजही चालू आहे. याउलट ‘केवळ मुद्रित माध्यमातील विद्यार्थ्यांसाठी’ असे शब्द आपण आज न्यासपत्रात घातले, तर वीस वर्षांनी विश्वस्तांना अर्जदार शोधत फिरावे लागेल.

याचा अर्थ त्या व्यक्तीची खूण कुठेच उमटू नये असा नाही. स्वीडिश पत्रकार किम वॉल यांची 2017 मध्ये डेन्मार्कमध्ये हत्या झाल्यानंतर त्यांच्या नावाने उभारलेला निधी तरुण महिला पत्रकारांना प्रत्यक्ष वार्तांकनासाठी अनुदान देतो आणि विषयही, स्वतः वॉल यांना ओढ होती तसे, समाजाच्या कडेकडेला घडणाऱ्या गोष्टींचे असतात. आपले सहकारी न्यायालयीन वार्तांकन करत असतील, तर त्या क्षेत्रात काम करू पाहणाऱ्यास प्राधान्य द्यावे. ते शब्द बंधनाचे नव्हे, तर पसंतीचे असावेत. मात्र दिवंगत पत्रकारावर निबंध मागवू नका. त्यांना कधीही न भेटलेला विद्यार्थी त्यात गोडगोड विशेषणांखेरीज काय लिहिणार? त्याऐवजी त्याने स्वतः केलेली एक बातमी आणि ती कशी मिळवली, याची एक पानभर हकिकत मागवा. कोणाला फोन केले, कोणता कागद मिळाला, कोणी बोलायला नकार दिला, हे वाचले की बातमीदार कोण आणि केवळ शब्दप्रभू कोण, हे समितीला कळते. गुणपत्रिकेतून ते कळत नाही.

पैसा शुल्कापुरता बांधून ठेवू नये, असाही माझा आग्रह राहील. विनावेतन उमेदवारीच्या काळातच गरजू विद्यार्थी या व्यवसायातून गळतात, कारण खोलीचे भाडे, प्रवासाची तिकिटे, दस्तऐवजांच्या प्रतींचे शुल्क हे सगळे खिशातून जात असते. पावत्या दाखवल्यावर परतफेड, हा नियम इथे निरुपयोगी आहे. ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसे नाहीत त्याच्यासाठीच तर ही शिष्यवृत्ती आहे. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि उरलेली कामाचा मसुदा हाती आल्यावर द्यावी.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. अशा शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना माझ्याकडे नामवंत वृत्तपत्रात छापून आलेले काहीच नाही. अर्ज करावा का?

उत्तर : अवश्य करावा. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकातील बातमीही चालते, फक्त तिच्यात किमान दोन स्रोत असावेत आणि ज्याच्यावर आक्षेप आहे त्याची बाजू घेतलेली असावी. शिफारसपत्र मोठ्या पदावरच्या व्यक्तीकडून घेण्याऐवजी, ज्यांनी तुमचे लिखाण प्रत्यक्ष तपासले आहे त्या शिक्षकांकडून घ्या आणि त्यांना मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी सांगा.