वाचकांचे प्रश्न : ईमेलचा जनक, मराठी एसएमएस आणि न दिसणारे सांधे

प्रश्न : ईमेलचा शोध मुंबईत जन्मलेल्या 14 वर्षांच्या मुलाने लावला आणि अमेरिकेत त्याला त्याचा कॉपीराइटही मिळाला, असा मजकूर आमच्याकडे वरचेवर फिरत असतो. वर्गात मुले विचारतात. हे खरे मानावे का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : या मजकुरातील तपशील बरेचसे खरे आहेत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही. मुंबईत 1963 साली जन्मलेले शिवा अय्यादुराई यांनी शाळकरी वयात, 1978 साली, न्यू जर्सीतील एका वैद्यकीय महाविद्यालयासाठी कार्यालयीन पत्रव्यवहाराचा संगणकीय प्रोग्रॅम लिहिण्याचे काम हाती घेतले आणि 1982 मध्ये ‘ईमेल’ या नावाने त्या प्रोग्रॅमची कॉपीराइट नोंदणी त्यांना मिळाली. त्या वयाच्या मुलाने एवढे काम करावे हे कौतुकाचेच आहे. परंतु कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला मिळतो, कल्पनेला नाही. एखाद्याने कादंबरी लिहून तिची नोंदणी केली म्हणून कादंबरी हा वाङ्मयप्रकार त्याच्या मालकीचा होत नाही.

संगणकावरून निरोप पाठवण्याची सोय 1978 च्या कितीतरी आधी वापरात होती. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एकच मोठा संगणक अनेकजण आपापल्या टर्मिनलवरून वापरत असत आणि तेथे 1965 साली टॉम व्हॅन व्लेक व नोएल मॉरिस यांनी ‘मेल’ ही आज्ञा लिहिली. ती वापरून पाठवलेला निरोप दुसऱ्या माणसाच्या खात्यातील एका फाईलमध्ये जाऊन पडे. पण पाठवणारा आणि घेणारा दोघेही एकाच यंत्राचे वापरकर्ते असणे आवश्यक होते. ही भिंत 1971 साली रे टॉमलिन्सन यांनी ओलांडली. एकाच यंत्रावर निरोप ठेवणारा एक प्रोग्रॅम आणि अर्पानेट या दूरदूरचे संगणक जोडणाऱ्या जाळ्यावरून फाईल दुसऱ्या यंत्राकडे नेणारा दुसरा प्रोग्रॅम या दोन्हींची त्यांनी सांगड घातली. आणि माणसाचे नाव कोठे संपते व यंत्राचे नाव कोठे सुरू होते हे कळावे म्हणून, नावांत कधी न येणारे ‘ॲट’चे चिन्ह मध्ये ठेवले. ज्या दोन यंत्रांमध्ये पहिला निरोप गेला ती एकमेकांशेजारीच उभी होती, मात्र त्यांना जोडणारा दुवा केवळ अर्पानेटचाच होता.

मुलांना भारतीय नाव सांगायचेच असेल, तर माझ्या मते ते अभय भूषण यांचे सांगावे. कानपूरच्या आयआयटीतून 1965 साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील या अभियंत्याने एप्रिल 1971 मध्ये जाळ्यावरून फाईल पाठवण्याच्या नियमांचा पहिला मसुदा लिहिला आणि सुरुवातीची काही वर्षे अर्पानेटवरील टपाल याच नियमांवर स्वार होऊन जात असे. सप्टेंबर 1973 मध्ये त्यांनी टॉमलिन्सन व आणखी दोन सहकाऱ्यांसह निरोपाच्या माथ्यावर प्रेषक, दिनांक आणि विषय या ओळी ठरावीक पद्धतीने लिहाव्यात असा प्रस्ताव मांडला. वेगवेगळ्या संस्थांतील, वेगवेगळ्या बनावटीची यंत्रे एकमेकांचे निरोप वाचू शकली ती अशा प्रस्तावांमुळे. म्हणून या कोरड्या वाटणाऱ्या कामाला मी शोधाइतकाच मान देतो. टपालाची वेगळी नियमावली 1982 साली आली आणि आजचा ईमेल तिच्यावरच चालतो.

प्रश्न : इंग्रजीत लिहिलेला 150 अक्षरांचा एसएमएस एकच धरला जातो, मराठीत तेवढाच लिहिला तर तीन धरले जातात. ही मराठीवर अन्याय करणारी आकारणी नव्हे काय?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आकारणीचे मूळ मांडणीत आहे. मोबाईलचे जाळे कॉल जोडण्यासाठी आपसांत जे संकेत पाठवते, त्याच वाटेने एसएमएस जातो आणि एका निरोपाला तेथे 140 बाइट, म्हणजे 1120 बिट (0 किंवा 1 मावेल एवढी एकेक जागा), एवढीच जागा असते. इंग्रजीसाठी ठरवलेल्या संचात प्रत्येक अक्षराला 7 बिट पुरतात, म्हणून 160 अक्षरे बसतात. देवनागरीला 16 बिट लागतात, म्हणून 70. मजकूर त्याहून लांबला की तुकड्यांचा क्रम सांगण्यासाठी प्रत्येक तुकड्यातील थोडी जागा खर्च होते आणि 67 च उरतात. शिवाय ‘स्त्री’ हे दिसायला एक अक्षर असले तरी स, त, र, दोन हलन्तचिन्हे आणि वेलांटी अशा 6 जागा घेते. इंग्रजी निरोपात एखादेच देवनागरी अक्षर आले तरी संपूर्ण निरोप 16 बिटांच्या हिशेबात जातो. मांडणी ठरवताना आपल्या लिप्यांचा विचार मागाहून झाला, एवढी तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : मी भोसरीतील एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड तपासणीचे काम करतो. काही चिपचे सोल्डरचे सांधे पोटाखाली असतात, तेथे तपासणीची सुई पोहोचत नाही. तरीही यंत्र नेमका खराब सांधा दाखवते. हे कसे घडते?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पूर्वी बोर्ड सुयांच्या फिक्श्चरवर, म्हणजे सुया रोवलेल्या साच्यावर, दाबून बसवत आणि स्प्रिंगवरच्या शेकडो सुया ठरलेल्या बिंदूंना टेकल्या की यंत्र एकेक जोडणी मोजत असे. चिपचे पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार जात होते तोवर हे जमले. 1980 च्या दशकात चिप पृष्ठभागावरच सोल्डर होऊ लागल्या, पायांतील अंतर घटले आणि सुई टेकवायला जागा उरेना. तेव्हा युरोपातील काही कंपन्यांच्या अभियंत्यांनी 1985 साली एक गट स्थापला. अमेरिकी कंपन्या त्याला येऊन मिळाल्या आणि तो जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप, म्हणजेच जेटॅग, या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच्या प्रस्तावाला 1990 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या 1149.1 या मानकाचे रूप मिळाले.

बाहेरून सुई पोहोचत नसेल तर तिचे काम चिपच्या आतच करून घ्यावे, ही त्यामागील कल्पना. चिपच्या प्रत्येक पायाशी एक लहानसा कोष असतो आणि हे सगळे कोष एका साखळीत गुंफलेले असतात. आत जाणारी एक तार, बाहेर येणारी एक, घड्याळाची एक आणि पुढचे पाऊल ठरवणारी एक, अशा 4 तारांनी सर्व चिप हाताळता येतात. यंत्र साखळीतून 0 आणि 1 सरकवत नेते, एका चिपच्या पायांवर ते प्रत्यक्ष लावते, दुसऱ्या चिपच्या पायांवर काय पोहोचले ते टिपते आणि साखळीतूनच बाहेर काढून पडताळते.

मला सर्वांत मोहवणारा भाग पुढचा आहे. 1000 जोडण्या तपासायला 1000 फेऱ्या लागत नाहीत, 10 पुरतात. प्रत्येक जोडणीला वेगळा क्रमांक द्यायचा आणि त्याचे दहा द्विमान अंक (0 किंवा 1) एकेका फेरीत तिच्यावरून पाठवायचे. दहा अंकांत 1024 वेगळे क्रमांक मिळतात. दोन जोडण्या शॉर्ट, म्हणजे नको तेथे एकमेकींना चिकटलेल्या, असतील तर त्यांच्या पलीकडे एकच क्रमांक उमटतो आणि जोडी उघडी पडते. ही युक्ती विल्यम काउट्झ यांनी 1974 मध्येच मांडली होती. सर्व अंक 0 किंवा सर्व 1 असलेले क्रमांक वगळण्याची सुधारणा नंतरची: त्यामुळे तुटलेला, एकाच पातळीवर अडकलेला सांधाही लपत नाही. शॉर्ट झालेल्या जोडीचा क्रमांक क्वचित तिसऱ्याच जोडणीशी जुळतो, म्हणून नेटक्या तपासणीत 0 च्या जागी 1 आणि 1 च्या जागी 0 घालून फेऱ्या पुन्हा चालवतात.

मध्ये कपॅसिटर असलेल्या वेगवान जोडण्यांवर ही पद्धत लंगडी पडत होती. त्यासाठी 2003 साली 1149.6 हे स्वतंत्र मानक आले. मात्र बोर्ड आखणाऱ्याने त्या 4 तारा कनेक्टरपर्यंत आणल्याच नसतील, तर चिपमध्ये सगळी सोय असूनही तपासणी विभागाला तिचा काही उपयोग नसतो. आखणी पक्की होण्याआधी तुमच्या विभागाने बोर्डाचा नकाशा मागून पाहावा, असा माझा आग्रह आहे.