वाचक विचारतात: वेंडेल स्कॉट रेसिंगमध्ये आला कसा?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगवर, म्हणजे बाजारातल्या साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींवर, लिहिलं होतं, त्यात वेंडेल स्कॉटचं नाव जेमतेम दोन ओळींत आलं होतं: नॅस्कारच्या (या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकन संघटनेच्या) सगळ्यात वरच्या सिरीजमध्ये रेस जिंकणारा पहिला काळा ड्रायव्हर, १९६३, जॅक्सनव्हिल. त्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळचं सदर त्यालाच देतोय.

प्रश्न: स्कॉट आधी चोरटी दारू पोहोचवायचा असं वाचलं, हे खरंय का? असा माणूस रेसिंग ड्रायव्हर कसा काय होतो?

खरंय, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही, कारण या खेळाचा बराचसा भाग तिथूनच आलाय. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात टॅक्स चुकवून व्हिस्की गाळायची आणि रात्री गाडीत भरून गावोगाव पोहोचवायची हा तेव्हा धंदाच होता. गाडी बाहेरून एकदम साधी दिसली पाहिजे म्हणजे पोलिसांची नजर जाणार नाही, पण इंजिन असं बनवलेलं की मागे लागले तर हाती लागायचं नाही, आणि मागे एवढा जड माल असताना गाडी बसू नये म्हणून स्प्रिंगा कडक केलेल्या. आता हे सगळं करणारी पोरं रविवारी एकमेकांशी शर्यत लावणार नाहीत तर काय करणार! ज्युनियर जॉन्सन हा नॅस्कारचा मोठा ड्रायव्हर, तोसुद्धा १९५६ मध्ये वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला होता, फेडरल तुरुंगात राहून आला आणि पुढे रेस जिंकत राहिला.

स्कॉटचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ चा, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. गाव कापडगिरण्यांचं आणि तंबाखूचं, म्हणजे पोरगा मोठा झाला की गिरणीत नाहीतर तंबाखूच्या कारखान्यात जाणार हे ठरलेलं. स्कॉटला तेच नको होतं, कुणाच्या हाताखाली राबायचंच नाही असं त्यानं मनाशी पक्कं केलेलं. वडील श्रीमंत गोऱ्या कुटुंबांकडे ड्रायव्हर आणि मेकॅनिक होते, त्यामुळे गाडीचं वेड घरातलंच. लहानपणी हा सायकलवर गोऱ्या मुलांशी शर्यती लावायचा, गावातल्या उतारांवरून स्केट्सवर सुसाट जायचा. शाळा अर्धवट सोडली, टॅक्सी चालवली, १९४३ मध्ये मेरीशी लग्न केलं, दुसऱ्या महायुद्धात युरोपात अमेरिकन सैन्यात होता (तेव्हा सैन्यातही काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या). परत आल्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं, आणि त्याला जोड म्हणून रात्रीच्या व्हिस्कीच्या फेऱ्या. १९४९ मध्ये एकदा सापडला, कोर्टानं तुरुंगात न टाकता तीन वर्षं देखरेखीखाली (प्रोबेशनवर) ठेवलं, पण फेऱ्या काही थांबल्या नाहीत. आणि शनिवार-रविवारी गावातल्याच ट्रॅकवर रेस बघायला जायचा, अर्थात काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या बाकांवर बसून.

प्रश्न: मग बाकावरून ट्रॅकवर कधी आला? त्याला कुणी संधी दिली?

संधी म्हणायची तर म्हणा, पण देणाऱ्यांचा हेतू तिकिटं खपवायचा होता. डिक्सी सर्किट नावाची एक छोटी संघटना होती, नॅस्कारशी स्पर्धा करणारी, तिला डॅनव्हिलमध्ये गर्दी मिळत नव्हती. आयोजकांच्या डोक्यात आलं की एखादा काळा ड्रायव्हर गोऱ्यांविरुद्ध उतरवला तर लोक बघायला येतील. असा ड्रायव्हर शोधायचा कुठे, तर ते गेले पोलिसांकडे आणि विचारलं की गावात सगळ्यात जोरात गाडी चालवणारा काळा माणूस कोण. पोलिसांनी स्कॉटचं नाव सांगितलं, कारण कितीतरी वेळा मागे लागूनही हा हाती लागत नव्हता!

२३ मे १९५२, पहिली रेस. स्टँडमधून काही लोकांनी हुर्यो उडवली, गाडी मध्येच बिघडली, म्हणजे कागदावर बघितलं तर काहीच हाती लागलं नाही. पण आपल्याला आयुष्यभर हेच करायचंय हे त्याला त्या दिवशी कळलं. दुसऱ्याच दिवशी गाडी दुरुस्त करून तो नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमला नॅस्कारच्या रेसला पोचला, तिथे त्याला सांगितलं की काळ्या ड्रायव्हरला उतरवत नाही, आणि घरी येताना डोळ्यात पाणी होतं असं त्यानंच पुढे सांगितलंय. मग हाय पॉइंटच्या ट्रॅकवर गेला, तिथेही तेच ऐकायला मिळालं, वर पाहिजे तर तुझी गाडी एखादा गोरा पोरगा चालवेल म्हणाले, त्याला यानं साफ नकार दिला. आणि हाच माणूस पहिल्या रेसनंतर दोन आठवडे व्हायच्या आत लिंचबर्गला एक छोटी हीट रेस (मुख्य रेसच्या आधीची) जिंकून मोकळा झाला.

प्रश्न: नॅस्कारनं नाही म्हटलं होतं ना, मग लायसन्स कसं मिळालं?

वरच्या ऑफिसात अर्ज करत बसला नाही हे त्याचं शहाणपण. नॅस्कारचा नाद तात्पुरता सोडून तो व्हर्जिनियातल्या छोट्या ट्रॅकवर चालवत राहिला, कधीकधी आठवड्याला पाच-पाच रेस, कारण मातीच्या (डर्ट) ट्रॅकवर गाडी मागून घसरत असताना ॲक्सिलरेटर किती दाबायचा हे पायाला कळायला लागतं आणि ते रोज चालवल्याशिवाय कळत नाही. काही ड्रायव्हर मुद्दाम धडक देऊन त्याला बाहेर काढायचे. ट्रॅकवर भांडण काढलं तर आपलीच हकालपट्टी होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो गप्प राहून गाडी नीट करून परत यायचा. हळूहळू काही गोरे ड्रायव्हर मित्र झाले, प्रेक्षकांतही त्याच्या बाजूचे लोक दिसायला लागले.

मग एक दिवस गाडी टो करून तो रिचमंडला नॅस्कारच्या एका स्थानिक रेसला गेला आणि तिथल्या अधिकाऱ्याकडे, माइक पोस्टनकडे, सरळ लायसन्स मागितलं. पोस्टननं त्याला स्पष्ट सांगितलं की आमच्याकडे आजवर काळा ड्रायव्हर नव्हता, तुला त्रास देतील. स्कॉट म्हणाला सहन करेन, आणि पोस्टननं सही केली. मुख्य ऑफिसमध्ये त्यावरून नाराजी झाली असं पोस्टननं नंतर सांगितलंय, पण लायसन्स दिलं ते दिलं.

१९५४ मध्ये नॅस्कारच्या एका रेसच्या आयोजकानं बाकी सगळ्या ड्रायव्हरना पेट्रोलचे पैसे दिले आणि स्कॉटला दिले नाहीत. त्यानं थेट नॅस्कारचा संस्थापक बिल फ्रान्स सीनियरला गाठून हे सांगितलं. स्कॉटच्याच सांगण्यानुसार फ्रान्सनं स्वतःच्या खिशातून पैसे काढून दिले आणि नॅस्कारमध्ये तुझ्याशी भेदभाव होणार नाही असा शब्द दिला. तो शब्द पुढे कितपत पाळला गेला ते जॅक्सनव्हिलच्या उत्तरात येतंच.

१९५९ मध्ये तो व्हर्जिनियाचा स्पोर्ट्समन (वरच्या सिरीजच्या खालचा गट) चॅम्पियन झाला. आणि ४ मार्च १९६१ ला साउथ कॅरोलायनात स्पार्टनबर्गला ग्रँड नॅशनलमध्ये, म्हणजे आज ज्याला कप सिरीज म्हणतात त्यात, पहिल्यांदा उतरला. मला विचाराल तर स्कॉट समजून घ्यायचा असेल तर ही मधली नऊ वर्षं बघा, सगळे जॅक्सनव्हिलबद्दल बोलतात पण तो ड्रायव्हर घडला तो या काळात.

प्रश्न: माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, कार्टिंग शिकायचंय म्हणतो. स्कॉटनं किती वयात सुरुवात केली होती? उशीर तर झाला नाही ना?

स्कॉट पहिल्या रेसला ३० वर्षांचा होता, वरच्या सिरीजमध्ये आला तेव्हा ३९ चा. पण ताई, याचा आधार घेऊन आजचा हिशोब नका करू, आताचे ड्रायव्हर फार लवकर सुरू करतात. नॅस्कारचा ड्रायव्हर जेफ गॉर्डन पाचव्या वर्षी क्वार्टर मिजेट, म्हणजे लहान मुलांच्या छोट्या रेसिंग गाड्या, चालवत होता, पुढे त्याच्या रेसिंगसाठी कुटुंब कॅलिफोर्निया सोडून इंडियानाला गेलं, आणि २१ व्या वर्षी, नोव्हेंबर १९९२ ला अटलांटामध्ये त्याची पहिली कप रेस झाली. दहा म्हणजे उशीर अजिबात नाही. फक्त चालवण्याबरोबर गाडी खोलायला आणि जोडायलाही शिकू द्या त्याला.

प्रश्न: जॅक्सनव्हिलला नेमकं झालं काय होतं? ट्रॉफी दुसऱ्याला कशी दिली?

१ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल, अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० लॅप्स (फेऱ्या). स्कॉटकडे शेव्हर्ले होती, नेड जॅरेट या ड्रायव्हरकडून विकत घेतलेली जुनी गाडी. रिचर्ड पेटी हा ड्रायव्हर पुढे होता पण त्याची गाडी त्रास देत होती, शेवटच्या २५ एक लॅप्स उरल्या असताना स्कॉटनं त्याला मागे टाकलं आणि पुढेच राहिला. पण चेकर्ड फ्लॅग, म्हणजे रेस संपल्याचा झेंडा, त्याला दाखवला गेला नाही. विजेता म्हणून बक बेकर या दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव पुकारलं, ट्रॉफीही त्यालाच दिली. स्कॉटनं हरकत घेतली, लॅप्सची नोंद परत तपासली गेली आणि दोनेक तासांनी कळलं की स्कॉट नुसता जिंकला नव्हता तर दोन लॅप्सनी जिंकला होता. तोवर प्रेक्षक घरी गेलेले.

मोजणीत चूक झाली असं तेव्हा सांगण्यात आलं. दोन लॅप्सचा फरक चुकून नजरेतून सुटत नाही हो, अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर तर नाहीच नाही. काळ्या माणसाला सगळ्यांसमोर ट्रॉफी द्यायची वेळ येऊ नये म्हणून हे झालं असं स्कॉट आणि त्याच्या घरचे कायम म्हणत आले, आणि मला ते पटतं. ती मूळ ट्रॉफी त्याला कधीच मिळाली नाही. २३ डिसेंबर १९९० ला तो गेला, २०१५ मध्ये नॅस्कार हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव आलं, आणि त्या विजयाची ट्रॉफी नॅस्कारनं कुटुंबाला समारंभ करून दिली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, डेटोनाला. ५७ वर्षांहून जास्त लागली. उशिरा का होईना दिली म्हणून खूश व्हावं असं काहीजण लिहितात, मला तसं वाटत नाही, ती त्या दिवशी त्याच्या हातात असती तर स्पॉन्सर मिळाला असता, चांगली गाडी मिळाली असती, त्याचं पुढचं करिअरच वेगळं झालं असतं.

प्रश्न: इतका भारी होता तर एकच रेस कशी काय जिंकला?

आकडे सगळे बघा. ४९५ रेस, त्यात १४७ वेळा पहिल्या दहात, २० वेळा पहिल्या पाचात. १९६६ मध्ये तर वर्षअखेरीस पॉइंट्समध्ये सहावा होता, १९६७ ते १९६९ ही तिन्ही वर्षंसुद्धा पहिल्या दहात. आणि कशाच्या जोरावर? साठच्या दशकात फोर्ड, क्रायस्लर यांच्या मदतीवर चालणाऱ्या टीम्स होत्या, त्यांना नवी इंजिनं, नवे टायर, पगारी मेकॅनिक. स्कॉटकडे दुसऱ्यांनी वापरलेल्या गाड्या आणि पिटमध्ये (रेस चालू असताना गाडी दुरुस्त करायच्या जागी) स्वतःची मुलं. त्याच्या गाडीवर मेकॅनिकच्या नावाच्या जागी चक्क ‘मी’ असं लिहिलेलं असायचं. अशा वेळी इंजिन पूर्ण ताणलं आणि ते फुटलं तर पुढच्या आठवड्याची रेस गेली, बक्षिसाचे पैसे गेले, घरात सात मुलं. म्हणून तो पुष्कळदा गाडी सांभाळून शेवटपर्यंत न्यायचा, आठवा नववा यायचा आणि त्या पैशावर पुढची रेस गाठायचा. जिंकायचं म्हणून चालवणं त्याला परवडतच नव्हतं, हे लक्षात घेतलं की ते १४७ चे १४७ फार मोठे वाटायला लागतात.

एकदाच त्यानं सुपरस्पीडवेसाठी (लांब, अतिवेगवान ट्रॅकसाठी) वेगवान मर्क्युरी गाडी घ्यायची हिंमत केली, आणि मे १९७३ मध्ये टॅलाडेगाला वीसेक गाड्यांच्या अपघातात ती सापडली. बरगड्या मोडल्या, कमरेचं हाड मोडलं, पाय मोडला. वय ५१. नियमित करिअर तिथे संपलं, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो शार्लटला अजून एक रेस चालवायला आला आणि बारावा आला.