टक् आवाज आला असेल तर त्या धनुष्यावर बाण लावू नका

ताई, मुलाच्या जुन्या रिकर्व्हला (टोकं पुढे वळलेल्या धनुष्याला) मांडीत अडकवून दोरी चढवताना टक् असा आवाज आला, वरून काही दिसत नाही, रविवारी चाचणी आहे, मग तोच वापरू का, असं तुम्ही विचारलंय. वापरू नका. आमच्या घरात हेच घडलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. मी कोच नाही, तिरंदाज मुलीचा बाप आहे. शेवटचा शब्द तुमच्या कोचचा.

मुलीला धनुष्य एका क्रीडा कचेरीच्या भांडारातून मिळालं होतं. वरच्या लिम्बच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्याच्या, कडेला, टोकापासून चार बोटं खाली, केसाएवढी रेघ होती. आम्ही लेखी अर्ज दिला. उत्तर मिळालं, "रंग उडालाय, तुटलं की आणा." नोंदवहीत 'सुस्थितीत' लिहिलेलं होतं, त्यामुळे बदलून देता येत नाही म्हणे. पुढे सरावात दोरी हनुवटीपर्यंत आलेली असताना त्याच रेघेवर थर सुटले. डोळा वाचला, भुवईला टाके पडले. आणि वर 'हाताळणीतील दोष' म्हणून भरपाईचं पत्र आम्हालाच आलं! आवक शिक्क्याची अर्जाची प्रत जपून ठेवली होती, तेवढ्यावर सुटलो. पण तो हंगाम गेला तो गेलाच. म्हणून सांगतो, कुठूनही धनुष्य घेताना दोन्ही लिम्बच्या कडांचे फोटो काढा, आणि सही करण्याआधी दिसेल तो दोष वहीत स्वतःच्या हाताने लिहा. समोरचा कितीही कुरकुरला तरी लिहा.

आता तुमच्या धनुष्याचं. आधी स्ट्रिंगरने (दोरी चढवा-उतरवायच्या साधनाने) दोरी उतरवा आणि लिम्ब उन्हात तिरपे धरून कडा बघा. लाकूड किंवा फोम, फायबर, कार्बन असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. लांबीच्या दिशेची बारीक रेघ कधीकधी नुसत्या वरच्या रंगाची असते. पण थरांच्या सांध्यातून पळणारी रेघ, किंवा नख अडकेल अशी आडवी भेग दिसली, तर विषय संपला. कापसाचा बोळा हलकेच फिरवा. धागे अडकले तर तिथे फायबर उचललंय. त्यात फेव्हिक्विक भरून वेळ मारून नेऊ नका. "एकदा ओढून बघू" तर मुळीच नको, आणि बाणाशिवाय दोरी सोडणं म्हणजे चांगले लिम्बसुद्धा घालवणं.

मांडीच्या पद्धतीत जोर एका बाजूला जातो आणि लिम्बला पीळ पडतो. काही जुने लोक अजून तीच शिकवतात, मला ते पटत नाही. स्ट्रिंगर स्वस्त असतो, तो घ्याच. धनुष्याच्या दोरीचा मोठा फास वरच्या लिम्बला, छोटा खालच्या. स्ट्रिंगर काढण्याआधी दोन्ही फास खाचेत नीट बसलेत का ते बोटाने चाचपा, आणि त्या वेळी तोंड लिम्बच्या रेषेत नको. नंतर मागून बघा, दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध दिसली पाहिजे. ग्रिपच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंतचं अंतर ६८ इंची धनुष्याला साधारण साडेआठ ते नऊ इंच असतं. कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो खरा.

अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला विश्वविजेती झाली, त्यामुळे आपल्या साताऱ्यात सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पण तिचा प्रकार कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य. त्याची दोरी रोज उतरवत नाहीत. आपली मात्र सराव संपला की उतरवायची. सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला खेळला तो रिकर्व्ह, तेव्हा रिकर्व्हवाल्यालाच विचारा. आणि मे महिन्यात धनुष्य बंद गाडीत ठेवू नका, उष्णतेने थरांमधला डिंक सुटतो.

रविवारसाठी एक मार्ग आहे. रायझर (धनुष्याचा मधला दांडा) आयएलएफ, म्हणजे लिम्ब अडकवायच्या ठरलेल्या सामाईक बसणीचा असेल तर दुसऱ्या आयएलएफ सेटचे लिम्ब त्यावर बसतात, क्लबमध्ये उसने मागा. मुलगा ओढतो त्यापेक्षा जास्त पाउंडाचे, म्हणजे ओढायला जड, घेऊ नका. रायझर स्क्रूवाला असेल तर त्याच मॉडेलचे लिम्ब लागतील.